पंचाची ट्यूब

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नवा वॉचमन आला की पहिल्या आठवड्यात तो एकदा तरी धावत येऊन मला सांगे, "मॅडम, एक माणूस आजारी दिसतोय, भर उन्हात स्वेटर घालून आलाय." मी म्हणे, "सोड त्याला आत. तो आजारी नाही, आपण आहोत." तो माणूस म्हणजे सगुणबाब गाड. बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, खाली हाफ शर्ट, पायात चपला आणि हातात पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, गुंडाळलेली कागदाची पुडी. एप्रिल असो की मे, स्वेटर अंगावरून उतरत नसे. शीतघरात सहा तास काढणाऱ्याने बाहेरचं ऊन मनावर घ्यायचं नसतं, असं त्यांचं मत होतं.

आमच्या प्रयोगशाळेचं नाव मी सांगत नाही. पाटी इतकी मोठी आहे की हायवेवरून वाचता येते. आत मात्र दोन खोल्या, एक शीतघर आणि या तिन्हींना पोटात घेईल एवढी डायरेक्टर साहेबांची केबिन. काम काय, तर केरीच्या खडकांवरचे शिनाणे आणायचे. शिनाणे म्हणजे ते हिरवे शिंपले, आपण सुक्यात घालतो ते. लाटांचे एवढे फटके खाऊन ते खडकाला चिकटून राहतात, कारण त्यांच्या पायात एक चिवट प्रोटीन असतं. ते अख्खं बाहेर काढता आलं तर उद्या ऑपरेशनची जखम टाक्याशिवाय चिकटवता येईल, अशी आमची कल्पना. कल्पना चांगली होती. अडचण एवढीच की प्रोटीन अख्खं बाहेर येत नसे.

सगुणबाब आमच्याकडे आले ते डिचोलीच्या खाणीवरून. तिथल्या लॅबमध्ये त्यांनी उभं आयुष्य खनिजाचे नमुने घेतले. खाणी बंद पडल्या, लॅबला कुलूप लागलं, आणि कोणाच्या तरी ओळखीने हा माणूस सर्वणहून दोन बस बदलून तुयेला यायला लागला. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक, कंत्राटी. कंत्राट एका वर्षाचं. दर मार्चला डायरेक्टर साहेबांनी सही केली तर पुढचं वर्ष. सगुणबाबची मुलगी शर्मिला पणजीला नर्सिंग शिकत होती आणि मी सांगतेय त्या वर्षी तिची दोन वर्षं बाकी होती. "हीं दोन वर्सां काडपाक जाय बाय," ते मला म्हणत. "मागीर म्हाका कोणें स्वेटर घालून समुद्रांत उडी मारूंक सांगलें तरी चलता."

पहिल्या दिवशी त्यांना काम समजवायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं, जिवंत पेशीत प्रोटीन असतं आणि त्याच पेशीत, वेगळ्या कप्प्यांत बंद करून ठेवलेले, प्रोटीन कापणारे एन्झाइमही असतात. आपण पेशी फोडली की कप्पे फुटतात, हे कापणारे मोकळे सुटतात आणि आपल्याला हवं ते प्रोटीन खाऊन टाकतात. म्हणून सगळं बर्फात करायचं, म्हणजे ते गारठतात. आणि त्यांचं तोंड बांधणारं औषध घालायचं. त्याला आम्ही इनहिबिटर म्हणतो.

सगुणबाब दिवसभर ट्यूब धूत होते. संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "म्हळ्यार भायल्यान कोण येवन खायना? आपलेच आपल्याक खातात?"

"आपलेच."

"आरे देवा! आमच्या पंचायतीसारकें म्हण मगो." मग थोडं थांबून, खऱ्या दुःखाने: "मातयेक असली खोड ना. लोखंड डब्यांत घाल, धा वर्सांनी उगड, तितलेंच लोखंड."

त्या दिवसापासून या माणसाने प्रोटीन वाचवायचा वसाच घेतला. इनहिबिटरला ते 'वखद' म्हणत. वखद हातमोजे घालून, तोंडावर मास्क बांधून तोलायचं, कारण ते माणसालाही विषारी. अल्कोहोलमध्ये विरघळवायचं. आणि पेशी फोडण्याच्या अगदी आधी, त्या क्षणी, नमुन्यात घालायचं. कारण पाण्यात हे वखद तासाभरात मरतं. आमच्यातले पदवीधर हे वाचून विसरले होते. सगुणबाबनी ते एकदा ऐकलं आणि भिंतीवर पाटी लावली: 'वखद घोळ्ळें काय घाल. गजाली मागीर.' विरघळलं की लगेच घाल, गप्पा नंतर, एवढाच त्याचा अर्थ, पण आमच्या प्रयोगशाळेत तो कायदा कोणाला झेपणार होता!

एकदा परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर पाहुणे म्हणून आले. त्यांनी ट्यूब उचलली, खिडकीशी नेली आणि उजेडात फोटो काढायला लागले. सगुणबाब बर्फाचा डबा घेऊन त्यांच्या मागोमाग, डबा ट्यूबच्या बरोबर खाली धरून. डॉक्टर डावीकडे सरकले की हे डावीकडे. शेवटी डॉक्टर वैतागून म्हणाले, "काय हवंय तुम्हाला?"

"कांय नाका. फोटो काडा सायबा. पुण हात बर्फांत दवरून काडा."

डॉक्टरांनी फोटो काढला नाही. पुढे कळलं की त्यांनी आपल्या अहवालात 'सहाय्यक कर्मचाऱ्यांना शिष्टाचाराचं प्रशिक्षण द्यावं' असं लिहिलं. प्रशिक्षण झालं. एका बाईंनी येऊन दोन तास हसायला शिकवलं. सगुणबाब मागच्या बाकावर बसून घड्याळ पाहत होते, कारण शीतघरात ट्यूब फिरत होत्या.

बर्फाचं यंत्र बिघडलं तेव्हाची गोष्ट तर अजून वसाहतीत सांगतात. नवं घ्यायचं तर तीन कोटेशन हवीत. गोव्यात विकणारा एकच. दुसरी दोन कुठून आणणार? फाईल सहा महिने फिरली. सगुणबाबनी फाईलची वाट पाहिली नाही. केरीला शिनाणे आणायला जात, तिथल्याच होडीवाल्यांकडून बर्फ आणायला लागले. बर्फ थंड, पक्का, आणि त्याला बांगड्यांचा घमघमाट. एकदा साहेब कोणा बड्या पाहुण्याला घेऊन आत आले. नाकाला रुमाल लावत म्हणाले, "गाड, हा वास कसला?"

"विज्ञानाचो, सायबा."

पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत. साहेबांचं एक होतं, पाहुणे हसले की ते ती गोष्ट लक्षात ठेवत.

पण साहेबांना खरा राग होता तो सगुणबाबच्या तीन वाट्यांचा. खाणीवर एक रीत होती. जहाजात खनिज भरायच्या आधी नमुना काढायचा, त्याचे वाटे करायचे. एक खाणवाल्याचा, एक विकत घेणाऱ्याचा आणि एक पंचाचा. पंचाचा वाटा दोघांच्या सहीने, लाख लावून बंद. पहिल्या दोघांचं भांडण झालं तरच तो फोडायचा आणि तो सांगेल ते खरं. सगुणबाब ही रीत आमच्याकडे घेऊन आले. कुठलाही नमुना असो, त्यातला एक वाटा ते वेगळा काढत, त्यात स्वतःच्या हाताने ताजं वखद घालत, चिठ्ठी लावून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये तळाला ठेवत. चिठ्ठीवर काय घातलं, केव्हा घातलं, आणि खाली दोन सह्या, एक त्यांची आणि एक माझी. संध्याकाळी निघताना मला रोज एकच प्रश्न, पंचाचा वाटा ठेवला का: "पंच दवरला?"

साहेब म्हणत, "गाड, ही खाण नव्हे. इथं कोण भांडायला येणार?"

"सायबा, खाणींत माल चोरपाक ट्रक लागता. हांगा चोर मालाच्याच पोटांत आसा."

मीसुद्धा वैतागायचे, खोटं कशाला बोलू? ट्यूब पुरत नसत, जागा पुरत नसे, आणि सही करायला मला शीतघरात कुडकुडत उभं राहावं लागे. मी न वाचताच सही ठोकायची. सगुणबाब चिठ्ठी माझ्यासमोर धरून ठेवायचे. "वाच आनी मागीर कर," म्हणायचे. मी वाचल्यासारखं करायची.

मग दिल्लीहून समिती यायची ठरली. प्रकल्प पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे ती समिती सांगणार. प्रकल्प गुंडाळला तर आम्ही सगळे घरी, आणि सगुणबाब सगळ्यांच्या आधी. साहेबांनी हुकूम काढला: पूर्वतयारी. सगळी द्रावणं आठ दिवस आधी बनवून, निळी छापील लेबलं लावून, काचेच्या कपाटात ओळीने मांडायची. इनहिबिटरसुद्धा आधीच द्रावणात घालून ठेवायचं.

सगुणबाब केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"सायबा, हें वखद उदकांत जियेना. तासाभरांत मरता. आठ दिसांनी तें निखटें उदक."

"लेबलवर मुदत पुढच्या वर्षापर्यंतची आहे."

"ती पोवडरीची. घोळटकच मुदत सोंपली."

"म्हणजे समितीसमोर तू पुड्या सोडत बसणार? आपण संस्था आहोत की गावठी वैद्य?"

सगुणबाब बाहेर आले. निळ्या बाटल्या त्यांनीच पुसून कपाटात लावल्या, आणि नोंदवहीत प्रत्येक बाटलीपुढे तारीख आणि वेळ लिहिली.

समितीच्या दिवशी सकाळी शिनाणे ताजे आले. साहेबांनी पांढरा कोट घातला, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. समितीसमोर निळ्या बाटलीतून द्रावण त्यांनी स्वतः ओतलं. फोटो निघाले. मी समितीला चहा आणि माहिती देत होते. मागे शीतघरात सगुणबाब एकटे, शिनाण्यांचा एक वाटा घेऊन, मास्क बांधून वखद तोलत होते. त्या दिवशी त्यांनी पंचाच्या दोन ट्यूब केल्या. एका ट्यूबवर मी घाईत जाऊन सही केली. दुसरीवर राहून गेली, साहेबांनी मला हाक मारली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेल पाहिलं, म्हणजे नमुन्यातली प्रोटीनं वेगवेगळ्या रेघांत दाखवणारी ती पातळ, पारदर्शक वडी. जेलमध्ये प्रोटीनची ठसठशीत रेघ दिसली पाहिजे. आमच्या जेलमध्ये वरपासून खालपर्यंत नुसता फराटा. कापणाऱ्यांनी रात्रभर जेवण केलं होतं. समिती गेस्ट हाऊसवरून निघाली होती. साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता, आणि मला तो आवडतही नव्हता, तरी त्या क्षणी वाईट वाटलं.

सगुणबाबनी बर्फाचा डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. डब्यात पंचाची एक ट्यूब. "झगडें जालां सायबा. पंच फोडूंया."

समितीला दुपारपर्यंत केरीचा समुद्र दाखवला. तोवर आम्ही दुसरं जेल चालवलं. एकच रेघ, जाड, स्वच्छ, जिथे हवी तिथे. मी त्या दिवशी पहिल्यांदा सगुणबाबना नाचताना पाहिलं. नाचले म्हणजे काय, दोन पावलं उजवीकडे आणि दोन डावीकडे, मग लाजून बर्फ बदलायला गेले. पहिलं जेल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गेलं, दुसरं समितीपुढे. समितीने टाळ्या वाजवल्या. प्रकल्प वाढवून मिळाला. साहेबांनी भाषण केलं, "हे आमच्या पूर्वतयारी पद्धतीचं यश आहे." मला वाटलं, माणूस आहे, बोलून गेला. बोलून गेला नव्हता. आठवड्याभरात ती पद्धत नियम झाली, छापली गेली, फ्रेम करून भिंतीवर लागली. सगुणबाबची पाटी काढून त्याच खिळ्यावर.

मार्च लागला. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक समितीला पाठवायचा तक्ता. त्यात लिहिलेलं, नमुना पूर्वतयार द्रावणातच केला होता. खाली दोन सह्यांची जागा, सहाय्यकाची आणि संशोधिकेची. दुसरा कागद सगुणबाबच्या कंत्राटाचा, पुढच्या वर्षाचा, साहेबांच्या सहीची जागा रिकामी.

"आधी हा करा गाड," साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले. "मग हा मी करतो. मुलीची दोन वर्षं राहिलीत ना?"

सगुणबाबनी कागद वाचला. सबंध वाचला, सवयीने बोट फिरवत. मग खिशातलं पेन काढलं, पाहिलं आणि परत खिशाला लावलं.

"सायबा, हांवें जल्मभर मातयेचेर सही केली. मातयेक सुद्दां खोटें सांगूंक ना. हें तर जखमेर लावपाचें."

"विचार करा."

"केला." आणि ते उठले.

साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. माझी पीएच.डी. साहेबांच्याच हाताखाली चालू होती. मी सही केली. न वाचता केली, कारण वाचलं असतं तर झाली नसती. सगुणबाब तेव्हा दारात होते. त्यांनी वळून पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी मान वर केलीच नाही. सहाय्यकाच्या जागी साहेबांनी 'करिता' लिहून स्वतःच सही मारली.

शेवटच्या दिवशी सगुणबाबनी मला फ्रीजरची चावी दिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "बाय, समितीच्या दिसाचो एक पंच उरला. तळाक, उजव्या कोनशाक. तुजी सही ना तिचेर. सही नाशिल्लो पंच चलना."

"सगुणबाब, मी..."

"केन्नाय कर, वर्सांनी कर. पुण वाचून कर."

फाटकापर्यंत मी गेले. वॉचमनने त्यांना सलाम केला. ते भर उन्हात, स्वेटर घालून, म्हापशाच्या बसमध्ये चढले.

पुढचं वर्ष काय सांगू! नियमाप्रमाणे निळ्या बाटल्या, नियमाप्रमाणे फराटा. जेल केलं की फराटा. साहेब म्हणाले, शिनाणेच खराब. मग किनारा बदलला, पाणी बदललं, वीजखात्याला पत्र लिहिलं. बाटलीकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती, माझी तर मुळीच नाही. माझी सही होती ना त्या बाटलीखाली. वीज गेली की मात्र मी पहिली धावायची ती फ्रीजरकडे, तळाला, उजव्या कोपऱ्यात हात घालून पाहायला.

वर्षाने समिती पुन्हा आली. या खेपेला अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "गाडची ती उरलेली ट्यूब असेल ना? काढ. आणि लेबल बदल, निळं लाव."

मी ट्यूब काढली. बर्फाच्या डब्यात उभी केली. चिठ्ठीवरची बर्फाची साय अंगठ्याने पुसली आणि पहिल्यांदा नीट वाचलं. सगुणबाबचं टपोरं अक्षर: 'वखद ताजें, फोडचे आदीं घोळ्ळां. निळ्या बाटलेंतलें न्हय. स. गाड.' खाली माझी रिकामी जागा.

डबा घेऊन मी सरळ समितीच्या खोलीत गेले आणि अध्यक्षबाईंसमोर ठेवला. एका हाताने ट्यूब बर्फात धरली, दुसऱ्याने सही केली. बाईंनी चिठ्ठी वाचली. "हे गाड कोण?" एवढंच विचारलं. मी सांगायला बसले ते जेवणाची वेळ टळून गेली. साहेब दोनदा खोकले. गेल्या वर्षीच्या तक्त्यात खोटं लिहिलंय आणि त्याखाली सही माझी आहे, हेही मी सांगून टाकलं.

साहेबांना शिक्षा वगैरे झाली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही सरकारी कामकाज पाहिलेलं नाही. ते पणजीला वरच्या जागेवर गेले. फ्रेम बरोबर घेऊन गेले. माझी पीएच.डी. वर्षभर लांबली, ते ठीकच झालं. निळ्या बाटल्या मी एकेक करून बेसिनमध्ये ओतल्या. आणि गाडना परत बोलवा, असं समितीने लिहून दिलं.

ते पत्र घेऊन मी सर्वणला गेले. बुधवार होता, सकाळचे दहा. दार शर्मिलाने उघडलं. ती त्या वेळी पणजीला कॉलेजात असायला हवी होती. तिला घरात, हातात झाडू घेऊन उभी पाहिली आणि मला सगळं समजलं.

"वर्षभर थांबलें मी," ती सहज म्हणाली. "जूनपासून परत जातंय. बाबांक बर्फाच्या कारखान्यात कायम केलां."

सगुणबाब आतून आले. दुपारपाळीला निघायच्या तयारीत, स्वेटर अंगावर. मी पत्र दिलं. त्यांनी बोट फिरवत वाचलं, घडी घातली आणि मला परत केलं. "एक वर्साचें कंत्राट? नाका बाय. शर्मिलाचें शिकप पुराय जांवं दी."

मी म्हणाले, "सगुणबाब, मी तुमचं वाटोळं केलं." रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "सही करतना ट्यूब खंय आशिल्ली?"

"बर्फात. हाताने धरून."

"कितलो वेळ?"

"जेल लावीपर्यंत. मध्ये दोनदा बर्फ बदलला."

"रेग आयली?"

"आली. एकच. जाड."

त्यांनी मान हलवली. चपला घातल्या, पुडी काखेत मारली, पायरी उतरले. अंगणात थांबून वळले, जसे रोज संध्याकाळी निघताना वळत तसे.

"वाचून केली?"

"वाचून केली."

"मागीर बरें जालें," म्हणाले आणि बस गाठायला भराभर चालू लागले.